आवक-जावक

खोलीला खिडकी नाही.
फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, मनगटावरचं घड्याळही,
हल्ली घड्याळांनाही कान असतात.
दाराबाहेर छताला एक यंत्र दिवसभर सूं करतं
आतलं बोलणं बाहेर पडू नये म्हणून.
बावीस वर्षांत त्याची अशी सवय लागली
की व्हर्जिनियातल्या माझ्या मुक्या गल्लीत
जानेवारीतही पंखा लावल्याशिवाय झोप येत नाही.

काम साधं. आलेल्या कागदावर शिक्का,
वहीत तारीख, वेळ, पानं किती.
आत काय आहे ते वाचायचं नाही.
न वाचता पानं मोजता येतात,
तशी लेखी सूचना आहे.

ऑर्विल स्टॅनफिल आला तो मंगळवार.
बुटांवर रस्त्यावरचं मीठ, बर्फासाठी टाकलेलं.
नऊ पानं, हातानं लिहिलेली.
"टाइप केलं असतं तर कुठल्या ना कुठल्या मशीनमध्ये राहिलं असतं,"
माफी मागावी तसं म्हणाला.
अक्षर मास्तरांचं, फक्त टीची आडवी रेघ लांब,
पुढच्या दोन अक्षरांवर छप्पर घातल्यासारखी.
मी मोजत गेले. सहाव्या पानावर अंगठा अडला.
एकच वाक्य.
त्यात एक गाव होतं, ते गाळते,
सतरा हा आकडा होता,
आणि शेवटी: आम्हाला आधीच माहीत होतं.

मी पुढे मोजलं. सात. आठ. नऊ.

तातडीचं असेल तर सात दिवसांत समितीकडे जातं.
तातडी म्हणजे काय
यावर वकील तीन आठवडे बसले.
मध्येच एक जण डोकावला, "व्हर्ना, पानं नऊच ना?"
नऊच, म्हटलं.
मग उत्तर आलं: प्रकरण गंभीर असू शकेल, तातडीचं नाही.
उत्तरावर गोपनीयचा शिक्का.
तो शिक्का का, हे सांगणारा कागद आला,
त्याच्यावरही.
मी सगळ्यांना क्रमांक दिले. आवक, आवक, आवक.
जावकचा रकाना पांढरा.

जूनमध्ये त्याचं ओळखपत्र दाराशी लाल लुकलुकलं.
मग त्यानं अर्ज केला, मला माझ्या तक्रारीची प्रत हवी.
कळवण्यात आलं की मजकूर गोपनीय आहे,
तो वाचण्याची आपली परवानगी सध्या स्थगित आहे.
म्हणजे त्यानं काय लिहिलं
हे आता त्याला कळता कामा नये.

झाकली मूठ सव्वा लाखाची;
इथे मूठ झाकणाऱ्या बोटांनाही
आत काय आहे सांगत नाहीत.

तरी कायद्यानं काहीतरी द्यावं लागलंच.
पाकीट मीच भरलं.
नऊ पानं काळी, ओळीमागून ओळ,
रात्री दिवे गेलेल्या इमारतीसारखी.
कुठे कुठे एखादी खिडकी उजळ राहिलेली:
मी. तेव्हा. आणि. कृपया.
त्याचं नावही काळं केलेलं,
त्याच्याच संरक्षणासाठी.
जावक, एक.

ऑक्टोबरात हार्डवेअरच्या दुकानात
माझ्यापुढे रांगेत एक माणूस, हातात जाळीची गुंडाळी,
कोंबड्यांच्या खुराड्याला लागते ती.
चेक लिहीत होता. हल्ली कोण लिहितं?
गल्ल्यावरची पोर कंटाळून नखं बघत होती.
मी पाठीमागून पाहिलं नसतं तर बरं.
टीवरचं छप्पर.

त्या नऊ पानांतली नऊही मला आता आठवत नाहीत,
सहावं सोडून.
हे त्याला सांगता आलं असतं. एवढंच,
की एका माणसानं तरी वाचलं.

"सॉरी, वेळ लावतोय तुमचा," तो मागे न वळता म्हणाला.
आणि माझ्या तोंडून निघालं,
"असू द्या. तातडी नाही."

पेन थांबलं.
त्यानं वळून पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही.
चेक फाडून दिला, जाळी काखेत मारली.
दुकानात कुठेतरी, वर,
पंखा सूं करत होता.